डिस्नेलँड आणि डिस्ने वर्ल्ड: नाव एकासारखं एक, मध्ये चार हजार किलोमीटर

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेभावानं सगळ्या घराला घेऊन अमेरिकेला जायचं ठरवलं. मुलांनी कितीतरी दिवस एकच लकडा लावला होता, डिस्नेलँड. हॉटेल एका ट्रॅव्हल एजंटाकडून बुक केलं, विमानाची तिकिटं भावानं स्वतः काढली. निघायला तीन आठवडे राहिले असताना वहिनी सगळे कागद फाइलला लावत बसली आणि तिच्या लक्षात आलं की विमान उतरतंय ऑरलँडोला आणि हॉटेल आहे ॲनाहाइमला, म्हणजे अमेरिकेच्या अगदी दुसऱ्या टोकाला. फोन केला तर एजंट म्हणाला, "दोन्ही डिस्नेचंच आहे की, ताई." हॉटेलचे पैसे बुडाले ते बुडालेच. वहिनीच्या डोळ्यांत त्या दिवशी जे पाणी आलं ते मी विसरलेले नाही. सहा माणसांच्या सुट्टीसाठी पै-पै साठवलेले पैसे होते ते.

यंदा मे महिन्यात आमची पाळी आहे, म्हणून मी हा विषय वही घेऊन मुळापासून समजून घेतला. सांगलीत कुणालाही सांगितलं की विचारतात, "म्हणजे डिस्नेलँडला जाणार?" आपण सगळ्यालाच डिस्नेलँड म्हणतो, आणि घोळ तिथंच सुरू होतो.

डिस्नेलँड आहे कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या ॲनाहाइम गावात, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. डिस्ने वर्ल्ड आहे फ्लोरिडात, ऑरलँडो शहराजवळ, थेट दुसऱ्या टोकाला. रस्त्यानं जायचं तर साधारण चार हजार किलोमीटर, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षाही जास्त. विमानानं पाच तासांच्या आसपास लागतात आणि घड्याळ तीन तासांनी बदलतं. लक्षात ठेवायला एक सोपी खूण सांगते. डिस्नेलँड हे नाव जगात बऱ्याच ठिकाणी आहे: कॅलिफोर्नियात १९५५ पासून, टोकियोत १९८३ पासून, पॅरिसमध्ये १९९२ पासून, हाँगकाँगमध्ये २००५ पासून, शांघायमध्ये २०१६ पासून. 'वर्ल्ड' मात्र एकच, फ्लोरिडातलं. तिकिटावर किंवा हॉटेलच्या पावतीवर 'वर्ल्ड' दिसलं की विमान ऑरलँडोचंच हवं.

दोघांत एवढा फरक का पडला ते कळलं की पुढचं सगळं नियोजन आपोआप उलगडतं. वॉल्ट डिस्ने यांनी ॲनाहाइमला संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन घेतली आणि १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. पार्क तुफान चाललं. पण कुंपणाला लागून दुसऱ्यांची मोटेलं आणि दुकानं उभी राहिली आणि वाढायला जागाच उरली नाही. रस्त्याकडेला शेत असलेल्या आपल्या कुठल्याही माणसाला हे दुखणं लगेच कळेल. म्हणून पुढच्या पार्कसाठी वॉल्ट यांनी १९६० च्या दशकात फ्लोरिडात वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी, आपलं नाव बाहेर फुटू न देता, सुमारे २७,००० एकर जमीन घेतली. ते पार्क बघायला ते राहिले नाहीत. डिसेंबर १९६६ मध्ये गेले. थोरले भाऊ रॉय यांनी निवृत्ती लांबवून काम पुरं केलं, १ ऑक्टोबर १९७१ ला दारं उघडली आणि नाव नुसतं 'डिस्ने वर्ल्ड' न ठेवता 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' ठेवायला लावलं, भावाची आठवण राहावी म्हणून. पार्क उघडलं आणि त्याच डिसेंबरात रॉयही गेले.

तर एक जागेअभावी आटोपशीर राहिलेलं, आणि दुसरं जागा हाताशी ठेवून पसरलेलं. आजही कॅलिफोर्नियाचा सगळा पसारा ५०० एकरांच्या आसपास आहे आणि फ्लोरिडाचा सुमारे २५,००० एकर.

कॅलिफोर्नियात दोन पार्क आहेत: मूळ डिस्नेलँड, आणि २००१ मध्ये सुरू झालेलं कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर. दोघांची दारं समोरासमोर. एका दारातून निघून अंगण ओलांडावं आणि दुसऱ्यात शिरावं इतकं जवळ. बाहेरच्या रस्त्यावर साधी हॉटेलं आहेत, तिथून दहा-पंधरा मिनिटांत चालत फाटकाशी. दुपारी लेकरू पेंगलं तर खोलीवर नेऊन झोपवून संध्याकाळी परत आणता येतं.

फ्लोरिडात चार मोठी पार्क आहेत: मॅजिक किंग्डम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंग्डम. शिवाय दोन वॉटर पार्क आणि डिस्नेचीच पंचवीसच्या वर हॉटेलं. मॅजिक किंग्डम ते ॲनिमल किंग्डम हे अंतर साधारण सांगली ते मिरज एवढं आहे, आणि हे सगळं एकाच मालकाच्या आवारात! मॅजिक किंग्डमला तर गाडी लावली की लगेच आत असं होत नाही. तळ्याच्या अलीकडे गाडी ठेवायची, मग मोनोरेल नाहीतर बोट, मग दार. प्रत्येक हालचालीला अर्धा-पाऊण तास धरावाच लागतो. दुपारी खोलीवर जाऊन येणं म्हणजे निम्मी दुपार गेली समजा.

आपल्याला सवय आहे ती खोपोलीच्या इमॅजिकाची. पहाटे निघायचं, दिवसभर हुंदडायचं, रात्री पेंगत घरी. तो हिशेब इथं लावू नका. डिस्नेलँडला दोन पूर्ण दिवस लागतात, तिसरा मिळाला तर निवांत होतं. डिस्ने वर्ल्डला चार पार्कांचे चार दिवस आणि मध्ये एक विश्रांतीचा, असे पाच तरी हवेतच. डिस्नेलँड बघून यायचं असतं, डिस्ने वर्ल्डला मुक्काम टाकावा लागतो. 'दोन दिवसांत डिस्ने वर्ल्ड' असा बेत कुणी हातात ठेवला तर सरळ नाही म्हणा.

तिकिटाचा एक प्रकार असतो 'पार्क हॉपर', म्हणजे एकाच दिवसात एका पार्कमधून दुसऱ्यात जायची मुभा. कॅलिफोर्नियात त्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात, कारण दारं समोरासमोर. फ्लोरिडात पहिल्यांदा जाणाऱ्या आणि लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असणाऱ्या कुटुंबानं तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी तिकिटाचे नियम दोन्हीकडे सारखे आहेत. तीन वर्षांखाली फुकट, तीन ते नऊ लहान, दहा पूर्ण झाली की मोठ्यांचा दर. तारखेप्रमाणे दर बदलतो आणि मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या आत मिळत नाही. जुन्या प्रवासवर्णनांत वाचलेला फुकटचा फास्टपास २०२१ पासून बंद आहे. आता लवकरच्या रांगेला पैसे पडतात. ऑरलँडो विमानतळावरून डिस्नेच्या हॉटेलांत नेणारी फुकट बसही २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली.

आता राइड. खरा गोंधळ इथं आहे, कारण बऱ्याच राइड दोन्हीकडे एकाच नावाच्या आहेत: पायरेट्स ऑफ द कॅरिबियन, हाँटेड मॅन्शन, इट्स अ स्मॉल वर्ल्ड, स्पेस माउंटन. म्हणून 'एक बघितलं की दुसरं बघितल्यासारखंच' असं वाटतं. पण नाव तेच असलं तरी राइड तीच नसते. पायरेट्स कॅलिफोर्नियात १९६७ मध्ये आली, फ्लोरिडात १९७३ मध्ये, आणि कॅलिफोर्नियातली बोटीची फेरी बरीच लांब आहे. स्पेस माउंटनचा फरक तर मला घरच्या दाराच्या चौकटीवरच सापडला. दर वाढदिवसाला तिथं पेन्सिलीनं मुलांची उंची मांडतो. धाकटीची शेवटची रेघ १०६ सेंटीमीटरवर आहे. कॅलिफोर्नियाच्या स्पेस माउंटनला किमान उंची लागते ४० इंच, म्हणजे १०२ सेंटीमीटर. फ्लोरिडाच्या त्याच नावाच्या राइडला ४४ इंच, म्हणजे ११२. तीच मुलगी एकीकडे बसणार आणि दुसरीकडे रांगेच्या तोंडाशी पट्टी लावून तिला बाजूला काढणार. पाच वर्षांच्या लेकराची तेव्हाची तोंडं बघवत नाहीत. निघायच्या आठवडाभर आधी घरी चप्पल काढून नीट उंची मोजा आणि जमणार नाही ते आधीच सांगून ठेवा.

उंचीत न बसणारं मूल असलं तरी आईबापांपैकी एकाची राइड हुकायचं कारण नाही. दोन्हीकडे 'रायडर स्विच' मिळतं. एकजण मुलाजवळ थांबतो, दुसरा बसून येतो, मग थांबलेल्याला पुन्हा मोठ्या रांगेत उभं राहावं लागत नाही. दारावरच्या माणसाला फक्त आधी सांगायचं. आपली माणसं विचारायला संकोचतात आणि तासभर उगाच उभी राहतात.

एकीकडेच आहे आणि दुसरीकडे नाही, असंही पुष्कळ आहे. मॅटरहॉर्नचा डोंगर (१९५९ चा, नळीच्या पोलादी रुळांवर धावणारा पहिला रोलर कोस्टर) आणि कार्स लँड कॅलिफोर्नियातच. ॲनिमल किंग्डमची सफारी, तिथला एव्हरेस्टचा कोस्टर आणि एपकॉटमधला तळ्याभोवतीचा अकरा देशांचा फेरा फ्लोरिडातच. त्या अकरांत भारत नाही, आणि ते मला मनापासून खटकतं. आजीआजोबांना मात्र सफारी फार आवडते. उघड्या ट्रकमध्ये बसून पंधरा-वीस मिनिटं जिराफ, हत्ती, सिंह बघायचे, पाय अजिबात दुखत नाहीत.

लांबची सुट्टी म्हणजे एका डिस्नेवर भागत नाही, आजूबाजूची पार्कही जोडायची असतात. आणि युनिव्हर्सल या दुसऱ्या सिनेमा कंपनीच्या पार्कांच्या नावाचाही असाच घोळ आहे. कॅलिफोर्नियातलं युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलिवूड हा खराखुरा चालू स्टुडिओ आहे, ट्रॅममधून सेट दाखवतात. ॲनाहाइमपासून तासाभराचा रस्ता, ट्रॅफिक असला तर जास्त. एक दिवस पुरतो. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलला तीन मोठी पार्क आहेत, त्यातलं एपिक युनिव्हर्स मे २०२५ मध्ये उघडलं, आणि चौथं वॉटर पार्क. तिथं तीन दिवस तरी जातात. ऑरलँडोहून गाडीनं तासाभरावर केनेडी स्पेस सेंटर आहे. घरात रॉकेटवेडं पोर असेल तर एखादा डिस्नेचा दिवस कापून तिथं न्या.

तारखांचं मात्र आपल्या बाजूनं आहे. आपली शाळा मे महिन्यात बंद असते आणि तिकडच्या मुलांची सुट्टी जूनपासून ऑगस्टपर्यंत. मेच्या शेवटच्या सोमवारी त्यांची मेमोरियल डेची सुट्टी असते, त्याआधीचे दोन-तीन आठवडे गर्दी त्यामानानं कमी. त्या दिवसांत कॅलिफोर्नियात सकाळी ढगाळ आणि गार असतं, हातात स्वेटर लागतो. फ्लोरिडात घाम निथळतो, जूनपासून रोज दुपारी विजा कडकडतात आणि बाहेरच्या राइड थांबवतात. चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवार गाठू नये. थँक्सगिव्हिंगची गर्दी म्हणजे गणपती विसर्जनाला टिळक चौकात उभं राहिल्यासारखं.

खाण्याचं विचाराल तर दोन्हीकडे घरचा डबा आत नेऊ देतात, फक्त काचेची बाटली-बरणी नको. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, भडंग, सगळं चालतं. भडंगाची पाकिटं छोटी छोटी करा. एकदा मोठी पिशवी फोडली की दमट हवेत संध्याकाळपर्यंत मऊ पडतो.

कुणी कुठं जावं? पोरं दहाच्या आतली, बरोबर गुडघेदुखीची माणसं, एकूण सुट्टी दोन-अडीच आठवड्यांची आणि नातेवाईक कॅलिफोर्नियात, तर डिस्नेलँड. मुलं मोठी, चालायला तयार, नातेवाईक न्यू जर्सी किंवा अटलांटाकडचे, आणि एकाच जागी आठ-दहा दिवस काढायची मनाची तयारी, तर डिस्ने वर्ल्ड. एकाच खेपेला दोन्ही करायचा मोह होतो, मलाही झाला. वहीत मांडून बघितलं तर मधल्या विमानप्रवासात आणि घड्याळ जुळवण्यात दोन दिवस जात होते आणि सासूबाईंचे हाल वेगळेच. दीर म्हणाले, "वहिनी, आईला झेपेल तेवढंच धरा." मी फ्लोरिडाचं पान फाडलं नाही, बाजूला ठेवलं.

आमचं ठरलं ते असं. सॅन होजेला दिरांकडे आठवडाभर, मग गाडीनं खाली ॲनाहाइमला चार रात्री. पहिला दिवस डिस्नेलँड, दुसरा कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर, तिसरा रिकामा, चौथा दोन्ही पार्कांत राहिलेलं उरकायला. नंतर दोन रात्री हॉलिवूडकडे, युनिव्हर्सलसाठी. आईंना व्हीलचेअर फाटकाजवळच भाड्यानं घ्यायची आहे. आधी त्या नकोच म्हणत होत्या, दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं होतात म्हटल्यावर कबूल झाल्या. त्यांना एकच गोष्ट बघायची आहे. डिस्नेलँडमधल्या मेन स्ट्रीट या रस्त्यावरच्या अग्निशमन केंद्राच्या माडीवर वॉल्ट डिस्नेंची राहायची खोली होती, आणि त्यांच्या आठवणीसाठी त्या खिडकीत दिवा कायम लावलेला असतो. तो दिवा फक्त डिस्नेलँडला आहे. संध्याकाळी आम्ही त्यांची खुर्ची तिथं समोर लावणार आहोत.