लोकरीच्या गोळ्या म्हणजे लेंडी नव्हे

"मेंढीचं खत ना? म्हणजे लेंडीच की!" हे इतक्यांदा ऐकलंय की कुंडीत खत म्हणून घालायच्या लोकरीच्या गोळ्यांची पिशवी कुणापुढे काढायलाच नको वाटतं. घोटाळा का होतो ते कळतं. दोन्ही तपकिरी, दोन्ही बोटाच्या पेराहून लहान, दोन्ही मेंढीच्याच. त्यात काही विक्रेते दोन्हींवर 'मेंढीखत' अशी एकच चिठ्ठी डकवतात, तेव्हा तर डोकंच फिरतं.

लेंडीबद्दल मी काय नवीन सांगणार! दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, शेतकरी धान्य किंवा पैसे देऊन रानात मेंढ्या बसवून घेतात, लेंडी आणि मूत दोन्ही जागेवर मुरतं. ढोबळ हिशेब नत्र (नायट्रोजन) ३ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) १, पालाश (पोटॅश) २. कुंडीत घालायची तर कुजवून, चुरून घाला. पुढे चला.

गोळ्या म्हणजे कातरलेली लोकर. पोटाची, पायांची, मळकी, विणायला न चालणारी. ती बारीक करून यंत्रात दाबतात. अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रियात बागेसाठी हे मिळतं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. घोंगडी सोडली तर तिला फारसं गिऱ्हाईक नाही, आणि घोंगडी घेणारेही कमीच झाले.

आता खरी मेख. लेंडी मेंढीच्या पोटातून, चार कप्प्यांतून पचून आलेली असते. लोकर कुणीच पचवलेली नसते. ती केराटिन, म्हणजे आपले केस आणि नखं ज्याची असतात तेच प्रथिन. त्याचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. ते तोडायचं काम मातीतल्या जिवाणू-बुरशीला करावं लागतं, आणि त्यांना त्यासाठी ओल आणि मातीचा स्पर्श दोन्ही लागतं. म्हणून लेंडीसारख्या या गोळ्या वरून भुरभुरल्या की काहीच होत नाही. फुगतात, वाळतात, वर नमद्यासारखा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखा, थर धरतात. माझ्या पहिल्या कुंडीतल्या तर पक्ष्यांनी घरट्यासाठी ओढून नेल्या. गोळ्या मातीत चार बोटं खाली, कालवूनच घालायच्या.

एकदा दोन पेल्यांत पाणी घेऊन एकात लेंडी, दुसऱ्यात गोळी टाकून बघा. वाळकी लेंडी तरंगते, पाण्याला चहाचा रंग देते, आकार फारसा सोडत नाही. गोळी काही वेळाने फुटते, तंतू सुटतात, पेल्याचा तळ भरतो आणि ओल्या घोंगडीचा वास येतो. कुंडीतही हेच होतं, म्हणून काठाशी दोन बोटं जागा सोडा. मी नव्हती सोडली. माती वर येऊन पाण्याबरोबर गॅलरीत वाहिली. फायदा असा की धरलेलं पाणी लोकर सावकाश सोडते. मेमध्ये त्या कुंड्यांना एक दिवसाआड पाणी पुरलं.

नत्र शुद्ध लोकरीत १६ टक्क्यांच्या आसपास. गोळ्यांत मळ-तेलकटपणा धरून साधारण ९-१०. म्हणजे लेंडीच्या तिप्पट. पण ते महिनोन्महिने सुटतं. मेथी-कोथिंबिरीला घालणारे मला पटतच नाहीत; लोकर कुजायला लागेपर्यंत मेथीची भाजी होऊन ताटात पडलेली असते. वांगी, टोमॅटो, मिरची, गुलाब यांना घाला. बारा इंची कुंडीला माझी एक मूठ, अर्धी कुंडी भरायची नाही. पालाश मेंढीच्या वाळलेल्या घामातून येतं, म्हणून लोकर न धुतलेलीच हवी. स्फुरद जवळपास शून्य. तिथे लेंडीच लागते, नाहीतर हाडांचा चुरा.

(जुने स्वेटर पुरू का, असं विचारू नका. बाजारातले बहुतेक ॲक्रिलिकचे असतात, ते कुजतच नाहीत.)

ओळखीचा धनगर असेल तर गोळ्या विकत घ्यायचीही गरज नाही. कातरणीतली टाकाऊ लोकर मागा, कात्रीने बोटभर तुकडे करा, पुरा. शेत असेल तर मात्र मी लोकरीच्या नादाला लागणार नाही, सरळ मेंढ्या बसवीन.

पिशवीवरच्या चिठ्ठीवर मात्र विसंबू नका. एक गोळी चिमट्यात धरून काडी लावा. केस जळल्याचा वास आला तर लोकर, शेणी पेटल्यासारखा धूर आला तर लेंडी.