मूलनिवासी वंशभेदाविरुद्धच्या लढ्यात २००७ नंतर आले? मुळीच नाही

संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये मूलनिवासींच्या, म्हणजे वसाहतींच्या आधीपासून त्या भूमीवर राहणाऱ्या समाजांच्या, हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला आणि तिथून ते वंशभेदाविरुद्धच्या लढ्यात उतरले, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. हे साफ चुकीचं आहे.

१९२३ मध्येच कॅनडातले होडेनोशोनी (इरोक्वाय या मूलनिवासी राष्ट्रांचा संघ) प्रमुख डेस्काहे आपल्या लोकांची बाजू मांडायला जिनिव्हाला, राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) दारात पोहोचले होते. पासपोर्टसुद्धा कॅनडाचा नव्हे, स्वतःच्या राष्ट्राने दिलेला! वर्षभराहून जास्त काळ ते खेटे घालत राहिले. ब्रिटनने आडकाठी केली आणि राष्ट्रसंघाने त्यांचं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही. ज्यांना बोलू दिलं नाही त्यांनाच आपण इतकी वर्षं गप्प समजत आलो, याची मला खरोखर चीड येते.

पुढे १९७७ मध्ये मूलनिवासींचे प्रतिनिधी जिनिव्हातल्या भेदभावविरोधी परिषदेला जमले, १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मूलनिवासींविषयीचा कार्यगट स्थापन झाला. जाहीरनाम्याचा मूळ मसुदा याच गटात, त्यांच्या सहभागाने घडला. सरकारांनी हक्क आपणहून दिले, हेही खरं नाही: मतदानात कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड विरोधात होते. त्यांनी पाठिंबा दिला तो नंतर.