मांजर आणि कच्चे मांस : एका समजुतीची पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबागेतील मराठी घरांत मांजर आजवर दूधपोळीवर आणि स्वतः मारलेल्या उंदरांवर वाढत आले. आता चिकनच्या दुकानात त्याच्यासाठी कलेजी वेगळी बांधून घेणारे लोक भेटतात आणि ‘शिजवले की सत्त्व जाते’ असे खात्रीने सांगतात.

ही खात्री बरीचशी कॅलिफोर्नियातून आली आहे. तेथे डॉ. फ्रान्सिस पॉटेंजर यांनी १९३२ ते १९४२ या काळात शेकडो मांजरांना कच्चे व शिजवलेले मांस घालून पाहिले, तेव्हा शिजवलेल्यावरची मांजरे पिढीगणिक खंगत गेली आणि दोष शिजवण्याच्या माथी बसला. मांजराला टॉरिन हे द्रव्य पुरेसे तयार करता येत नाही, ते मांसातूनच मिळावे लागते आणि उकळताना त्यातले बरेचसे पाण्यात उतरते, ही गोष्ट तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती. टॉरिन कमी पडले की डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये समजले. हृदयही कमकुवत होते, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे उणीव बहुधा एका द्रव्याची होती आणि ती भरून काढता येते. माझ्या मते कच्च्या मांसाच्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा येथेच ढिला पडतो.

दुसऱ्या बाजूचा पुरावा मात्र वाढत गेला. कच्च्या मांसातून येणारा साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू तर आहेच. शिवाय टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी कच्च्या मांसातून मांजरात शिरतो आणि त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो, हे १९७० च्या सुमारास उलगडले. गर्भवती असलेल्या घरात ही बाब फार गंभीर आहे. २००४ मध्ये थायलंडमधील एका व्याघ्रोद्यानात कोंबड्यांचे कच्चे मांस खाऊन अनेक वाघ बर्ड फ्लूने दगावले. इंदूरला बर्ड फ्लू नवा नाही. २०२० सरताना डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले होते. पण २०२५ च्या आरंभी आपल्याच राज्यातील छिंदवाड्यात पाळीव मांजरांत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू आढळला, तेव्हापासून हा प्रश्न थेट आपल्या ओट्यापाशी आला आहे. फ्रीजरमधील थंडीने हा विषाणू मरत नाही, नीट शिजवल्याने मरतो.

म्हणून कलेजी थोडीच, आणि मांस कांदा-मीठ न घालता, आतला गुलाबीपणा जाईपर्यंत शिजवून द्यावे, निवलेले पाणीही त्याच ताटलीत ओतावे. उतरलेले टॉरिन त्यातच असते. रोजचे जेवण तेवढ्यावरच चालवायचे असेल, तर कॅल्शियम आणि टॉरिनची भर पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावी.