नमुन्यावरून ड्रॉइंग (घरगुती सीएनसीसाठी)

हातातल्या सुट्या भागाची मापे आणि कडा संगणकावर उतरवून त्याचे ड्रॉइंग करणे, व त्यावरून घरच्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) राउटरवर किंवा छोट्या मिलिंग मशीनवर तोच भाग पुन्हा कापणे, अशी ही पद्धत आहे. मॉडेल बंद झाले आणि पार्ट मिळेनासा झाला, की तिची गरज पडते.

सांगली जिल्ह्याला यंत्राच्या ड्रॉइंगचे महत्त्व नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये हाच विषय शिकवत. पुढे 1910 मध्ये त्यांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभारली. आज कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये गिऱ्हाईक तुटका पार्ट पुढे ठेवतो आणि म्हणतो, "अगदी असाच करून द्या." कसलेला टर्नर तो करूनही देतो, पण मापे त्याच्या डोक्यात किंवा खडूने पत्र्यावर राहतात. ड्रॉइंग असेल तर पुढच्या हंगामात तोच पार्ट दुसऱ्या कोणालाही काढता येतो. या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

चपट्या भागासाठी साधा कागदपत्रांचा स्कॅनर उत्तम. 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके) एक पिक्सेल सुमारे 0.085 मिमीचा, 600 ला 0.042 मिमीचा पडतो. सीआयएस या प्रकारच्या सेन्सरच्या पातळ स्कॅनरवर काचेला टेकलेली कडाच स्पष्ट येते; सीसीडी प्रकारच्या सेन्सरचा जाडजूड स्कॅनर काचेपासून थोडे वर असलेलेही टिपतो. म्हणून धारदार बाजू खाली ठेवावी. शेजारी स्टीलची पट्टी एकदा आडवी, एकदा उभी ठेवून स्कॅन करावे, कारण दोन्ही दिशांचे प्रमाण तंतोतंत सारखे असेलच असे नाही. मोबाइलने फोटो काढायचाच झाला तर लांबून, झूम करून आणि अगदी समोरून काढावा. जवळून काढलेल्या फोटोत भागाची जाडीही दिसते आणि कडा फसव्या होतात.

चित्रावरून आकार घ्यावा, माप मात्र व्हर्निअरचेच (सरकत्या जबड्यांच्या मोजपट्टीचेच) धरावे. तासगावकडच्या द्राक्षबागेतल्या फवारणी पंपाची बैठकपट्टी घ्या. दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर थेट मोजता येत नाही, म्हणून एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजून त्यातून एका भोकाचा व्यास वजा करतात. समजा 78.94 मिमी आले आणि भोक 8.96 चे निघाले, तर अंतर 69.98. ड्रॉइंगमध्ये 70 आणि 9 लिहावे. आठ मिमीच्या बोल्टसाठी 9 मिमीचे भोक प्रमाणित आहे, आणि व्हर्निअरचे आतले जबडे लहान भोकात किंचित कमीच दाखवतात. मूळ ड्रॉइंग करणाऱ्याने काय लिहिले असेल हे ओळखणे, ही या कामातली खरी कसोटी. बेअरिंगची बैठक असेल तर आधी बेअरिंगचा नंबर वाचावा: 6204 म्हणजे आतून 20, बाहेरून 47, रुंदी 14 मिमी. झिजलेला भाग जसाच्या तसा उतरवला तर झीजही उतरते. लांबट झालेले भोक न झिजलेल्या दिशेनेच मोजावे.

यानंतर चित्र लिब्रेकॅड किंवा फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली ठेवून त्यावर रेषा, कंस आणि वर्तुळे हाताने काढतात. चित्राचे आपोआप रेषांत रूपांतर करणारी साधने नक्षीकामाला ठीक, यंत्राच्या भागाला नाहीत. त्यांतून येणारे वर्तुळ शेकडो तुकड्यांचे असते आणि मशीन त्यावर अडखळत चालते. कंस म्हणून काढलेला कंस जी-कोडमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांमध्ये, जी02 किंवा जी03 या कंसाच्या आज्ञेच्या एका ओळीत बसतो. आतला कोपरा कटरच्या त्रिज्येपेक्षा लहान ठेवून उपयोग नाही: 3 मिमीच्या कटरला 1.5 मिमीची गोलाई राहणारच.

मशीनला टच प्रोब (भागाला टेकताच खूण देणारी सुई) असेल तर जीआरबीएल या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जी38.2 आज्ञेने कडांचे बिंदू थेट घेता येतात. जाड किंवा स्कॅनरवर न मावणाऱ्या भागाला हे सोयीचे. मात्र प्रोबच्या टोकाची त्रिज्या हिशेबात धरावी लागते.

ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल कॅममध्ये (ड्रॉइंगवरून जी-कोड बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडताच एक अंतर तपासावे. इंच आणि मिलिमीटरचा घोळ झाला तर भाग 25.4 पट लहान किंवा मोठा दिसतो. मग ड्रॉइंग एकास एक प्रमाणात कागदावर छापून त्यावर मूळ भाग ठेवावा, आणि पहिला तुकडा एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीत) कापावा. त्यातून सगळे बोल्ट न ठोकता बसले, की अॅल्युमिनियमची प्लेट लावायला हरकत नाही.