राबाच्या राखेत काय असतं?

एप्रिलमधे ठाण्याहून मुरबाडला निघालं की रायत्याचा पूल ओलांडल्यावर भाताच्या खाचरांच्या कोपऱ्यात काळे चौकोन दिसायला लागतात, ते राब. मी राहते कळव्याला पण मामाचं गाव तिकडे, त्यामुळे तो धुराचा वास लहानपणापासून ओळखीचा आहे. शहरातले मित्र विचारतात की ही माणसं शेत का जाळतात. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर "अडाणीपणा" हे नाहीये, म्हणून जरा नीट लिहिते.

अख्खं शेत कोणी जाळत नाही, भाताची रोपं जिथे तयार करायची तेवढाच तुकडा. त्यावर शेण, झाडांची टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर लावायचे आणि वरून माती, म्हणजे आग भडकत नाही, सावकाश धुमसते आणि आच जमिनीत उतरायला वेळ मिळतो. वरच्या दोनेक इंचातलं तणाचं बी त्यात मरतं. मामाला विचारलं तर तो म्हणाला, "राब नाय भाजला तं रोप पिवलं परतं, नि बेननी करून करून हात मोरतात." म्हणजे राब भाजला नाही तर रोप पिवळं पडतं आणि तण काढून काढून हात मोडतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जळताना पाल्यातलं नत्र (नायट्रोजन) बरंचसं हवेत उडून जातं, मग रोप हिरवंगार कसं? तर तापलेल्या मातीतल्या सेंद्रिय पदार्थातलं थोडं नत्र अमोनियमच्या रूपात मोकळं होतं आणि रोपाला ते लगेच उचलता येतं. राखेतून पालाश (पोटॅश) आणि स्फुरद (फॉस्फरस) मिळतं, माती भुसभुशीत होते त्यामुळे आवणीच्या, म्हणजे रोपं काढून खाचरात लावायच्या वेळी रोप मुळासकट सहज उपटतं.

आणि राखेत असते सिलिका, म्हणजे वाळूत असते तीच. भात हे पीक सिलिका प्रचंड खातं, पानाच्या पेशींत ती साठवतं, त्याने पान ताठ राहतं आणि करपा रोग, खोडकिडा यांना आत शिरायला कठीण जातं. भाताच्या तुसाची राख केली तर त्यातला ८५ टक्क्यांहून जास्त भाग सिलिकाच असतो. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेती मांडली, त्यातलं पहिलंच सूत्र म्हणजे तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायची. म्हणजे राबातला कामाचा भाग ठेवला आणि टहाळ तोडणं वाचवलं! मला ही गोष्ट फार आवडते, कारण दरवर्षी ओरबाडलेली ऐनाची झाडं बघून खरंच वाईट वाटतं, आणि राबात जळणारं शेण खत म्हणून सगळ्या शेताला मिळालं असतं.

चारसूत्रीचं दुसरं सूत्र गिरिपुष्पाचा पाला खत म्हणून घालायचा, तिसरं ठरावीक अंतर मोजून लावणी, आणि चौथं युरिया-डीएपी खतांच्या गोळ्या. आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात युरिया फेकला तर पिकाच्या हाती साधारण तिसरा हिस्साच लागतो, बाकीचा काही हवेत, काही बांधावरून ओहोळात, तिथून काळू नाहीतर भातसा नदीत आणि पुढे उल्हास नदीत. कल्याणजवळ नदीत जी जलपर्णी माजते तिचं मोठं कारण सांडपाणी आहे, पण शेतातून वाहून आलेलं नत्रही तिला मिळतंच. गोळी चार चुडांच्या, म्हणजे लावलेल्या रोपांच्या चार जुडग्यांच्या मधे ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचली की तिथे ऑक्सिजन नसतो, त्यामुळे नत्र अमोनियमच्याच रूपात मातीच्या कणांना चिकटून राहतं आणि मुळं हळूहळू घेत राहतात.

पण आवणीला माणसं कुठून आणायची? गावातली पोरं भिवंडीच्या गोडाऊनला जातात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा पद्धत यावर आहे, त्यात चिखलणी (पाणी भरून चिखल करणं) नाही, आवणी नाही, राबही नाही. गादीवाफे, म्हणजे मातीचे उंच सपाट वाफे करून २५ सेंटिमीटरवर थेट बी टोकायचं आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची, ती कुजली की पोकळ्या राहतात, गांडुळं येतात. चिखल नसल्यामुळे मिथेनही कमी, कारण मिथेन करणारे जीवाणू साचलेल्या पाण्याखाली हवा नसलेल्या मातीत वाढतात. फक्त तणाचं काम इथे तणनाशकावर येतं, आणि नदीकाठच्या शेतात ते मला तरी काळजीचं वाटतं.

मामाने कर्जतच्या भात संशोधन केंद्राचं बियाणं कधीच घेतलंय, राब मात्र सोडवत नाही. यंदा एक खाचर गादीवाफ्याला द्यायला तयार झालाय, मे संपायच्या आत जाऊन आम्ही दोघं दोरी लावून वाफे आखणार आहोत. बाकीच्या शेताचा राब त्याने होळीनंतरच भाजून ठेवलाय.