सज्जाखालचं आग्यामोहोळ

मुंबईत उंच इमारतींच्या सज्जाखाली, पाण्याच्या टाकीच्या बुडाशी आणि जुन्या झाडांच्या फांद्यांना आग्या माशी पोळं लावते. ही माशी पेटीत राहत नाही. उघड्यावर एकच पोळं, कधी मीटरभर रुंद. सातेरी आणि फुलोरी या दुसऱ्या जातीच्या मधमाश्या त्या मानाने मवाळ.

लोक घाबरतात ते बहुधा थव्याला. थवा म्हणजे घर बदलायला निघालेल्या माश्या. राखायला मध नाही, पिल्लं नाहीत, म्हणून न छेडलेला थवा सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. काही तासांत किंवा दिवसांत उठून जातो. खरा धोका भरल्या पोळ्याचा. पण आग्या माश्या पोळ्यावर पडद्यासारख्या दाटून बसतात आणि खालून दोन्ही सारखंच दिसतं. तेव्हा लांब राहावं हेच बरं.

मोहोळ उठतं ते दगडाने, धुराने, रंगकामाच्या परांचीच्या हादऱ्याने, कधी पोळ्यावर झडप घालणाऱ्या मधाळ्या गरुडामुळेही. परांची बांधण्याआधी सगळे सज्जे खालून पाहून घ्यावेत. सोसायटीने गच्चीवरून टेंभा लावणं तर सर्वांत वाईट: माश्या भडकतात आणि त्याच जागी पुन्हा पोळं लागू शकतं.

एक माशी चावली की डंखातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. आयसोपेंटिल अॅसिटेट नावाचं हे रसायन बाकीच्या माश्यांना तिथेच बोलावतं. म्हणून हात झटकत उभं राहू नये. ओढणी किंवा शर्ट तोंडावर घेऊन पळावं आणि बंद दाराच्या खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीत शिरावं. रिक्षा उघडी, ती उपयोगाची नाही. पाण्यात बुडी मारूनही सुटका नाही. माश्या वर घिरट्या घालत थांबतात.

आत गेल्यावर आधी काटे काढायचे. काट्यासोबत विषाची पिशवी तुटून येते आणि बरंचसं विष पहिल्या अर्ध्या मिनिटात अंगात उतरतं. नखाने खरवडा, चिमटीने ओढा, पद्धतीपेक्षा वेग मोलाचा. मग साबणाने धुऊन बर्फ लावावा.

ॲलर्जी असलेल्याला एकच दंश पुरतो. ओठ-जीभ सुजणं, धाप, चक्कर, अंगभर गांधी दिसल्या की लगेच १०८. तिथे जीव वाचवतं ते मांडीत दिलेलं अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन. चुना-हळदीत वेळ घालवू नये.

शेकडो दंश झाले तर ॲलर्जी नसतानाही विषाने स्नायू आणि रक्तपेशी फुटतात, त्यांचा गाळ मूत्रपिंडात साचतो. मुलांचं वजन कमी, त्यांना थोडे दंशही भारी. माणूस ठीक वाटला तरी रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावा. घरी आल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर सकाळची वाट न पाहता परत जावं.