अतिसराव

व्यायामाचा भार आणि विश्रांती यांचा मेळ दीर्घकाळ बिघडला की खेळाडूची कामगिरी घसरते आणि आठवडाभर आराम करूनही सावरत नाही. या अवस्थेला अतिसराव म्हणतात. नुसती दमणूक म्हणजे अतिसराव नव्हे. रविवारी लांब पल्ला धावल्यावर सोमवारी जिना उतरताना मांड्या भरून येणे हे सरावाचे नेहमीचेच अंग आहे, ते दोन-तीन दिवसांत ओसरते. अतिसरावात मेहनत तेवढीच किंवा जास्त असते आणि घड्याळातली वेळ मात्र वाईट होत जाते.

युरोपियन कॉलेज ऑफ स्पोर्ट सायन्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थांनी २०१३ मध्ये काढलेल्या संयुक्त निवेदनात याच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. पहिलीत भार मुद्दाम वाढवलेला असतो. कामगिरी काही दिवस खालावते आणि विश्रांतीनंतर पूर्वीपेक्षा सुधारते, म्हणून प्रशिक्षक ती जाणूनबुजून वापरतात. दुसरीत सावरायला काही आठवडे ते महिने लागतात आणि हाती नफा काहीच येत नाही. तिसरी म्हणजे खरा अतिसराव. त्यात कित्येक महिने जातात, काहींचा आख्खा हंगाम. या वर्गवारीची अडचण अशी की आपण कोणत्या पायरीवर होतो हे बरे झाल्यावरच कळते. त्यामुळे व्यवहारात शहाणपण आहे ते पहिल्या पायरीवरच थांबून पाहण्यात.

ताकद आणि दम व्यायाम करताना वाढत नाहीत. व्यायामाने स्नायूंतले ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपते, तंतूंना सूक्ष्म इजा होते. भरपाई होते ती नंतरच्या तासांत. ग्लायकोजेनचा साठा पुन्हा भरायला पुरेसा भात-पोळी-भाकरी पोटात गेली तरी साधारण एक दिवस लागतो. स्नायूंची बांधणी एक-दोन दिवस चालू राहते. हाड सर्वांत संथ. नव्या भाराला तोंड देताना ते आधी जुना भाग झिजवते आणि नवा नंतर भरते, त्यामुळे मधले काही आठवडे ते उलट कच्चेच असते.

महाराष्ट्रात याचा फटका कुणाला बसतो हे पाहायला मोठ्या मॅरेथॉनपर्यंत जायला नको. पोलीस भरती निघाली की गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय गोळाफेक. ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची, तारीख जवळ आली की सकाळ-संध्याकाळ डांबरावर वेळ लावून धावणे सुरू होते, तेही बऱ्याचदा झिजलेल्या बुटांत आणि रात्री अभ्यासासाठी जागून. मग नडगी दुखू लागते. सरसकट दुखत असेल तर बहुधा स्नायू आणि हाडाच्या आवरणाचा दाह असतो. बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला ताणाची बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी. ती सुरुवातीच्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. बाम चोळून धावत राहण्याचा मोह इथे सर्वांत महागात पडतो.

अतिसराव ओळखणारी एकही रक्तचाचणी नाही. क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतले विकर रक्तात वाढलेले दिसले तर स्नायूंना इजा झाली एवढेच कळते. निदान होते ते इतर कारणे वगळून, म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड यांच्या तपासण्या आणि अलीकडे डेंग्यूसारखा ताप येऊन गेला का ही चौकशी आधी व्हायला हवी. देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. तेव्हा धावणाऱ्या मुलीला धाप लागते म्हणजे सराव कमी पडतो, असे ठरवून टाकणे चूक आहे. पाळी लांबणे किंवा बंद होणे हे ‘मेहनतीचे लक्षण’ म्हणून सोडून देतात, तेही तितकेच चूक. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार अपुरा पडत असल्याची ती खूण असू शकते आणि त्याची किंमत हाडे मोजतात.

मनाची लक्षणे पुष्कळदा शरीराच्या आधी दिसतात. क्रीडा-मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठीय जलतरणपटूंचा दहा वर्षे मागोवा घेऊन १९८७ मध्ये दाखवले की सरावाचा भार वाढतो तसा मूड बिघडतो आणि भार उतरवला की सुधारतो. मैदानावर जायची इच्छाच मरणे, क्षुल्लक गोष्टीवरून चिडणे, अंग दमलेले असूनही झोप न लागणे, वरचेवर सर्दी-खोकला या तक्रारी एकत्र आल्या तर दखल घ्यावी. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी पूर्ण मिनिटभर मोजलेली नाडी स्वस्तातली मदतनीस आहे. स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा ती सलग काही दिवस पाच-दहा ठोक्यांनी चढी राहिली तर सावध व्हावे. मात्र मुरलेल्या अतिसरावात ती कधी कधी चढत नाही, म्हणून नाडी ठीक म्हणजे सारे ठीक असे समजू नये.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेत अतिव्यायामाने थकवा, क्षय, तहान, खोकला, ताप, उलटी इत्यादी विकार होतात असे म्हटले आहे. सुश्रुताने अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा असे सांगून तिची खूणही दिली आहे: श्वास तोंडाने येऊ लागला की अर्धी शक्ती संपली. स्पर्धेच्या खेळाडूला ही मर्यादा फारच तोकडी पडेल, पण हौशी माणसाला बऱ्याच दिवशी तीच पुरते. तालमीतही जोर-बैठका आणि लढतींच्या जोडीला मालिश, खुराक आणि दुपारची झोप येते. पैलवानाची झोप हा आळस मानला जात नाही. जिमच्या पोरांनी तालमीकडून प्रोटीनच्या आधी ही झोप उचलायला हवी होती.

भार मोजण्याची सोपी रीत अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रुजवली: सरावाची मिनिटे गुणिले तो किती कठीण वाटला याचे शून्य ते दहा गुण. रोज ६० मिनिटे आणि ५ गुण, म्हणजे दिवसाला ३०० आणि आठवड्याला २१००. तेच २१०० क्रमाने ६००, १००, ४००, ०, ५००, १००, ४०० असेही वाटता येतात. बेरीज सारखी असली तरी या दुसऱ्या वाटणीत शरीराला उसंत मिळते. रोज एकसारखा भार आणि तोही जड असेल, तर आजारपण वाढते असे फॉस्टर यांना आढळले होते. हौशी धावपटूंचा घोळ नेमका इथे होतो. त्यांचे सोपे दिवस पुरेसे सोपे नसतात, म्हणून कठीण दिवशी जोर लावता येत नाही.

विश्रांतीने कमावलेले जाईल ही भीती फारशी खरी नाही. आठवडाभराच्या खंडाने दम नगण्य घटतो. स्पर्धेआधी साधारण दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणून वेग तसाच ठेवणे ही तर कामगिरी वाढवण्याचीच सिद्ध रीत आहे. प्रौढांना रात्री सात ते नऊ तास झोप लागते, भरभक्कम सराव असेल तर वरच्या टोकाकडे.

सवय नसताना शेकडो बैठका मारल्यावर लघवी काळपट चहासारखी झाली तर तो अतिसराव नसून स्नायू विरघळण्याचा प्रकार आहे. त्यात मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खऱ्या अतिसरावातून परतणे संथ असते. आधी स्पर्धा आणि कठीण सराव पूर्ण बंद. मग रोज पाच-दहा मिनिटे, गप्पा मारता येतील इतक्या हलक्या चालीने. दुसऱ्या दिवशी थकवा वाढला नाही तरच मिनिटे वाढवायची. अशा रीतीने तासाभरापर्यंत पोचायला सहा ते बारा आठवडे लागू शकतात, आणि वेगाचा सराव त्यानंतर सुरू होतो.